कातडीचा लिम्फोमा घशात उतरतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांना, अण्णांना, मायकोसिस फंगॉइडिस नावाचा कातडीचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, होता. अंगावर पहिला चट्टा उठला त्याच्या अकराव्या वर्षी तो घशात निघाला. तेव्हापासून ओळखीतून ओळख काढत लोकांचे फोन येतात. कधी जिंतूरहून, कधी माजलगावहून, कधी उदगीरहून. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते एका जागी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथे आहे ते अण्णांच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलेलं आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

हा कॅन्सर कातडीचा म्हणायचा की रक्ताचा?

पेशी रक्तातल्या, पण घर केलेलं कातडीत. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. जंतूंशी लढणं हे त्यांचं काम, आणि त्यातल्या काहींची नेमणूकच कातडीवर असते. त्यातली एक पेशी बिघडते, तिच्यासारख्याच दुसऱ्या तयार होत राहतात आणि कातडीत साठतात. मायकोसिस फंगॉइडिस हा या गटातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. सेझारी सिंड्रोम हा त्याचा जवळचा नातेवाईक, त्यात अंगभर लाली येते आणि बिघडलेल्या पेशी रक्तातही फिरताना दिसतात. बी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींपासून होणारे कातडीचे लिम्फोमाही आहेत. त्यांची चाल वेगळी आणि उपचारही वेगळे. म्हणून 'कातडीचा लिम्फोमा' एवढ्यावर थांबू नका, रिपोर्टवरचं पूर्ण नाव उतरवून घ्या.

नावात 'फंगॉइडिस' आहे, म्हणजे ही बुरशी का?

नाही. १८०६ मध्ये पॅरिसच्या आलिबेर या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या अंगावरच्या गाठी पाहिल्या, त्या त्यांना अळिंबीसारख्या दिसल्या, आणि नाव तसंच राहिलं. बुरशीचं औषध याला लागू पडत नाही. नावामुळे आमच्या गल्लीत अण्णांचा टॉवेल वेगळा ठेवायला सांगणारे लोक निघाले होते. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणावर झोपा, नातवंडांना मांडीवर द्या.

ओळखायला इतकी वर्षं का जातात?

सुरुवातीला तो नायटा, इसब किंवा सोरायसिस यांच्यासारखाच दिसतो. चट्टा लालसर, पातळ, वर बारीक कोंडा, थोडी खाज. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नायटा घरोघरी असतो. दुकानातून एक ट्यूब आणतात, त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने लिम्फोमाचा चट्टाही तात्पुरता फिकट होतो. बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतं, पुन्हा ट्यूब. अण्णांची यात सहा वर्षं गेली. माळवदाच्या देवळीत त्या ट्यूबची रिकामी टोकं मी मोजली होती, एकतीस होती.

काही खुणा मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हे चट्टे बहुधा कपड्याखालच्या, ऊन न लागणाऱ्या जागी येतात : कुल्ले, मांड्यांचा वरचा भाग, कंबर, स्तन, काख. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते लाल न दिसता पांढुरके दिसू शकतात, आणि असा प्रकार तरुणांत, मुलांतही आढळतो. मग कोणी त्याला शिबं म्हणतं, कोणी कोड, कोणी कुष्ठरोग. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कमी कळतो, लिम्फोमाच्या चट्ट्यावर तो शाबूत असतो. पण घरी सुई टोचून निकाल लावू नका. कातडीच्या डॉक्टरांकडे जा. पांढुरक्या प्रकाराची चाल साधारणपणे सौम्य असते, हे ऐकून त्या आईबापांना जरा धीर येतो.

निदान होतं ते तुकडा तपासूनच, आणि एका तुकड्यात होईलच असं नाही. दोन-तीनदा, वेगवेगळ्या जागचा तुकडा काढावा लागतो. त्याआधी दोन ते चार आठवडे त्या जागेवर स्टिरॉइडचं मलम लावलेलं नसावं. लावलं असेल तर पेशी दबून जातात आणि रिपोर्ट 'साधा दाह' असा येतो. मलम लावत होतो हे लपवू नका, डॉक्टर रागावले तरी सांगा.

कातडीवरचा आजार घशात जातोच कसा?

फार थोड्यांच्या बाबतीत जातो, हे आधी सांगते. ज्यांचे चट्टे अंगाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी जागेवर आहेत, त्यातले बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात आणि आजार कातडीपलीकडे सरकतही नाही. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्या मापाने मोजून पाहा.

बिघडलेल्या टी पेशींच्या अंगावर कातडीकडे ओढ लावणाऱ्या खुणा असतात. म्हणून वर्षानुवर्षं त्या तिथेच राहतात. चट्टे जाड होतात, कधी गाठी येतात, कधी पेशींचं रूप बदलून त्या आकाराने मोठ्या आणि चालीने आक्रमक होतात. तेव्हा ती ओढ सैल पडते. मग त्या आधी लसिकाग्रंथींत, म्हणजे मान, काख, जांघेतल्या गाठींत जातात. त्यापुढे फुप्फुस, यकृत, प्लीहा, हाडांतला मगज, क्वचित मेंदू. घसा, टाळू, जीभ, हिरड्या, टॉन्सिल, स्वरयंत्राच्या वरचं झाकण या जागा त्याहून विरळ. पण विरळ म्हणजे नाहीच असं नाही, आणि इथेच फसगत होते. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तो आजार पटकन येत नाही.

घशात उतरलंय हे आपल्याला कसं कळेल?

अण्णांचं पहिलं लक्षण भाकर. "घास खाली उतरना गेला, मधीच अडकल्यावाणी व्हतंय," असं ते दिवाळीत म्हणाले. आम्हाला वाटलं, दात नाहीत, नीट चावत नसतील. मग ते भाकर दुधात कुस्करून खाऊ लागले, आणि त्याचीही आम्हाला सवय झाली. संक्रांतीपर्यंत आवाज जड झाला. बांधावरून हाक मारली तर पूर्वी पलीकडच्या शेतात ऐकू जायची, ती आता गोठ्यापर्यंतही पोहोचेना.

लक्षणं ही अशीच असतात : आवाज बसणं, गिळताना अडकणं, घशात काहीतरी आहे असं सतत वाटणं, एका बाजूचा कान दुखणं, तोंडात न भरणारी जखम किंवा टाळूवर मऊ फुगवटा. ज्याला कातडीचा लिम्फोमा आहे त्याचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर घशात दुर्बीण टाकून पाहायलाच हवं. काढा, हळदीचं दूध, गुळण्या हे सगळं त्या तीन आठवड्यांतच करायचं, पुढे नाही.

श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, झोपल्यावर गुदमरायला लागलं, तर तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे श्वासाची वाट मोकळी ठेवण्यासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागू शकतं. ते ऐकून नातेवाईक हादरतात. सूज ओसरली की बहुतेकदा ते बंद करता येतं.

माणूस तंबाखू खातो. मग हा तंबाखूचाच घशाचा कॅन्सर नसेल का?

असू शकतो. आपल्या भागात तंबाखू, गुटखा, मिसरी एवढी आहे की घशातली गाठ पाहिली की डॉक्टरांच्या मनात आधी तेच येतं, आणि दहापैकी दहा वेळा नसलं तरी बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. अण्णाही चुन्यात मळून खायचे. त्यांच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर, तुकड्यासोबत प्रयोगशाळेत जाणाऱ्या त्या फॉर्मवर, 'पूर्वेतिहास' या रकान्यात दोनच गोष्टी होत्या : तंबाखू तीस वर्षं, आवाज बसलेला दोन महिने. कातडीचं एक अक्षर नव्हतं. कारण आम्ही ते सांगितलंच नव्हतं. कातडीची फाईल घरी कपाटात होती. घशाचा आणि कातडीचा काय संबंध, असंच आम्हाला वाटलं.

रिपोर्ट आला : जुनाट दाह, कॅन्सरच्या पेशी नाहीत. आम्ही पेढे वाटले. पाच आठवड्यांनी अण्णांना पाणीही गिळता येईना.

दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा नाक-कान-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं सोडली. स्टेथोस्कोप लावायचा होता, एवढंच. छातीवरचा जाड चट्टा दिसला तशा त्या थांबल्या. "बाबा, हे काय आहे?" मग मी सांगितलं. त्यांनी पहिल्याच प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा, ज्यात तुकडा जपून ठेवतात तो, परत मागवायला लावला आणि नवीन फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं : 'मायकोसिस फंगॉइडिसचा जुना रुग्ण'. तुकडा तोच होता. त्यावर विशेष रंग देऊन तपासणी केली, सीडी३, सीडी४ या खुणा पाहिल्या, आणि ज्याला आधी दाह म्हटलं होतं त्याच पेशी लिम्फोमाच्या निघाल्या.

त्या प्रयोगशाळेला मी दोष देत नाही. लिम्फोसाइट पेशी दाहातही जमतात आणि लिम्फोमातही. साध्या रंगात त्या सारख्याच दिसतात. काय शोधायचं हे कागदावर नसेल तर ते कसं शोधणार? म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट दोनदा सांगते : कातडीची फाईल घशाच्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि तुकडा पाठवण्याच्या फॉर्मवर त्या आजाराचं नाव लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दोन्ही कॅन्सरच ना? मग नाव बदलल्याने काय फरक पडतो?

खूप पडतो. तंबाखूच्या घशाच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया करतात, कधी स्वरयंत्र काढावं लागतं, किंवा ७० ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) आसपास रेडिएशन सहा-सात आठवडे देतात. लिम्फोमाच्या पेशी रेडिएशनला फार हळव्या असतात. त्यांना बऱ्याचदा ८ ग्रे, दोन दिवसांत विभागून, एवढ्यावरही गाठ विरघळते. कधी २० ते ३० ग्रेपर्यंत देतात. त्यासाठी स्वरयंत्र काढायची गरज सहसा पडत नाही. नाव चुकलं तर माणसाचा आवाज विनाकारण जाऊ शकतो.

आणि उलटंही खरं आहे. कातडीचा लिम्फोमा असलेल्या माणसाला वेगळा, तंबाखूचाही कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळे 'याला लिम्फोमा आहे म्हणजे घशातलंही तेच' असं गृहीत धरायचं नाही. तुकडा तपासायचाच.

गावच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि आवाज सुटला. मग दाहच होता ना?

अण्णांनाही पहिल्या डोसला बरं वाटलं होतं. स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशींनाही मारतं, पण थोडे दिवस. गाठ बसते, तुकड्यात काही सापडत नाही आणि ती परत येते. श्वासच अडला असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, तिथे वाद नाही. तसं नसेल तर आधी तुकडा, मग स्टिरॉइड.

पेट स्कॅन केला की सगळं कळत नाही का?

आजार अंगात कुठे कुठे आहे याचा अंदाज येतो, आणि कातडीपलीकडे गेल्याचा संशय असेल तर तो करतातच. पण टॉन्सिल आणि घशाचा मागचा भाग साध्या सर्दीतही स्कॅनवर उजळतो. स्कॅनने जागा दाखवायची आणि तुकड्याने नाव सांगायचं, असं ते आहे. जोडीला रक्तातल्या बिघडलेल्या पेशींची तपासणी होते, मानेत गाठ असेल तर तिचाही तुकडा काढतात.

अंगाला 'लाइट' घेतली होती, आता घशालाही 'लाइट' म्हणतात. एकच का?

नाही, आणि हा घोळ फार होतो कारण आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो. कातडीचे डॉक्टर देतात ती अतिनील किरणांची लाइट : माणूस नळ्या लावलेल्या पेटीत उभा राहतो, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने. ती फक्त कातडीच्या वरच्या थरापर्यंत जाते, घशापर्यंत पोहोचूच शकत नाही. घशाला देतात ते रेडिएशन, कॅन्सर रुग्णालयातल्या मोठ्या मशीनवर. त्यासाठी चेहरा-मानेचा साचा बनवतात आणि तो टेबलाला घट्ट बसवतात. अण्णांना त्या साच्याचीच जास्त भीती वाटली. प्रत्यक्ष लाइट काही मिनिटांची असते आणि ती दुखत नाही. संपूर्ण अंगाला द्यायचं इलेक्ट्रॉन रेडिएशन हा तिसरा प्रकार, तो मोजक्याच मोठ्या केंद्रांत मिळतो.

घशाची गाठ विरघळली म्हणजे बरं झालं?

त्या जागेपुरतं. अण्णांची गाठ दुसऱ्या लाइटनंतर आठ-दहा दिवसांत एवढी बसली की त्यांनी गरम भाकर आणि पिठलं मागितलं. आई चुलीपुढून उठलीच नाही, एकामागून एक थापत राहिली. त्यांनी दीडच खाल्ली.

पण घशापर्यंत आलेला आजार म्हणजे तो अंगभर फिरण्याच्या अवस्थेत आलेला असतो, चौथ्या टप्प्यात. म्हणून पोटातून किंवा शिरेतून औषधं द्यावी लागतात : मेथोट्रेक्सेट, जेमसायटाबिन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. पेशींवर सीडी३० ही खूण असेल तर ब्रेन्टुक्सिमॅब. वय आणि तब्येत साथ देत असेल तर दुसऱ्याचा बोनमॅरो बसवण्याचाही विचार होतो. रिपोर्टमध्ये सीडी३० तपासलंय का, हे विचारून घ्या. त्यावर एक दार उघडतं किंवा बंद होतं.

खायला काय द्यायचं?

गिळवतं तेच, पण अंगाला लागेल असं. ज्वारीच्या कण्या तूप घालून, घट्ट आंबील, मऊ खिचडी, वरणात मुरवलेला भात, अंडं चालत असेल तर मऊ उकडलेलं, साय, दाण्याचं कूट घालून पातळसर केलेली भाजी. तिखट आणि ठेचा काही दिवस बाजूला. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पातळ पाण्यापेक्षा दाटसर गोष्ट सुरक्षित जाते. बसवून, हनुवटी किंचित खाली करून, छोटा घोट. ठसका वारंवार लागला किंवा जेवणानंतर ताप आला तर डॉक्टरांना सांगा, अन्न श्वासनलिकेत जात असेल. नाकातून नळी घालावी लागली तर ती हार समजू नका. अण्णांना अठरा दिवस नळी होती आणि त्या अठरा दिवसांत त्यांचं वजन घटायचं थांबलं.

कातडीकडे तेव्हा दुर्लक्ष झालं तर चालेल का?

अजिबात नाही. पुढच्या टप्प्यात माणूस बहुतेकदा जंतुसंसर्गाने जातो, आणि जंतू शिरतात ते फुटलेल्या, खाजवलेल्या कातडीतून. नखं कापलेली, कपडे सुती, आंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि बोअरचं पाणी जड, त्यात कातडी तडकते. ओलं कापड आणि तेल दिवसातून तीनदा. जखमेवर पाला, राख, शेणाचं काही लावू नका. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

फवारणीच्या औषधांमुळे झालं का? मुलांना होईल का?

कपाशीवर फवारणारा प्रत्येक माणूस हे विचारतो. एका कारणावर बोट ठेवता येईल असा पुरावा या आजाराबाबत नाही. फवारताना तोंड झाकणं, हातमोजे घालणं हे तसंही करायलाच हवं. आईबापाकडून मुलांकडे येणारा हा आजार नाही, घरात दोघांना होणं फारच विरळ. कोणाच्या पापाचं फळ तर नाहीच नाही.

मराठवाड्यातून कुठे जायचं?

पहिला चट्टा दाखवायला जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कातडीच्या विभागात : छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं शासकीय महाविद्यालय. रेडिएशन आणि केमोसाठी संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. इतका विरळ आजार असेल तर निदानाचे ठोकळे एकदा तरी परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दाखवावेत. पुढचे उपचार जवळ घेता येतात.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, रुग्णालयाच्या दारातच टेबल असतं, भरती होण्याआधी भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला मोठी सवलत. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्या. आम्ही सेलूहून देवगिरीने जायचो, हा दाखला पहिल्या दोन फेऱ्यांना आम्हाला माहीतच नव्हता.

किती दिवस आहेत, असं डॉक्टरांना विचारावं का?

विचारा, पण रुग्णाला ऐकायचं आहे का ते आधी रुग्णालाच विचारा. कातडीपुरता थोडा आजार असलेल्यांना मी निर्धास्तपणे सांगते की वर्षं आहेत, पुष्कळ आहेत. आतल्या अवयवांत गेल्यावर गोष्ट वेगळी होते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वर्ष-दोन वर्षांची असते. अण्णा घशाच्या लाइटनंतर एकोणीस महिने होते. शेवटचे तीन सोडले तर सगळे बोलत, भांडत, वाटाघाटी करत. सोयाबीनचा सौदा त्यांनी स्वतः केला.

फाईलमध्ये नेमकं काय ठेवायचं?

कातडीच्या तुकड्याचे सगळे रिपोर्ट, जुन्यातले जुनेही, 'दाह' लिहिलेलेही. कुठल्या प्रयोगशाळेत ठोकळे आहेत, त्यांचे क्रमांक. लाइट किती घेतली, कोणत्या प्रकारची, कोणत्या महिन्यापर्यंत. वापरलेल्या मलमांची नावं, रिकामी ट्यूब असेल तर तीच. चट्ट्यांचे फोटो, दर तीन महिन्यांनी, त्याच जागेचे, दिवसाउजेडी काढलेले. आणि सगळ्यात वर एक कोरा कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत आजाराचं पूर्ण नाव. दाताच्या, डोळ्याच्या, घशाच्या, कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ही फाईल पिशवीत असू द्या, आणि त्यांनी विचारायच्या आधी टेबलावर ठेवा.